सिव्हिलचा डॉक्टर

ठाण्यात रिक्षात बसून ‘सिव्हिल’ म्हटलं की रिक्षावाला पुढे काही न विचारता जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरतो. विठ्ठल सायन्ना हे त्याचं पाटीवरचं नाव, पण ते कुणाच्या तोंडात नाही. आमच्या घरात या शब्दाने मात्र कायम घोळ घातला. फौजेत ‘सिव्हिल’ म्हणजे गेटच्या बाहेरचं सगळं जग. सिव्हिलचे कपडे, सिव्हिलची भाजी, सिव्हिलची शाळा.

आत्या ठाण्याला राहायला आल्या तेव्हाची गोष्ट. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. साताऱ्याकडे आम्ही सासूला आत्याच म्हणतो. त्या आठवड्यात हे फोनवर कुणाला तरी म्हणाले, “आईला सिव्हिलमध्येच दाखवू म्हणतो.” मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर आत्या पिशवी भरून दारात. लुगडं, तांब्या, जपाची माळ. “सरकारी दवाखान्यात टाकताय व्हय मला? मग गावाकडचा काय वाईट हुता?”

त्यांना समजावताना माझ्या ध्यानात आलं की मला स्वतःलाच हे नीट कधी कळलेलं नाही. फौजीच्या घरातल्या बाईने डॉक्टर शोधायचा तो गेटच्या आतला की बाहेरचा? आणि बाहेरचा शोधायचा तर तो आपल्याला ओळखणार कशावरून?

लग्नानंतरची पहिली काही वर्षं हा प्रश्न पडला नाही, कारण डॉक्टर शोधावाच लागत नव्हता. बेळगाव, मग झाशी, मग पठाणकोट. कुठेही गेलं तरी व्यवस्था तीच. पोट दुखो की पाठ, आधी युनिटची एमआय रूम, म्हणजे पलटणीचा छोटा दवाखाना. तिथला नर्सिंग असिस्टंट हातावर गोळ्या ठेवणार. त्याने भागलं नाही तर एमएच, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल. तिथेही नाही जमलं तर कमांड हॉस्पिटल. शेजारची हवालदारीण, पंजाबकडची, तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “सिव्हिल में मत दिखाना, पैसे भी जाएंगे और टाइम भी.” लेकीचा जन्म १९९८ सालचा, एमएचमधला. बिल शून्य. तिचं नाव ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये, म्हणजे पलटणीच्या अधिकृत नोंदीत, चढलं आणि ती सरकारदरबारी जन्मली. बारशाच्या आधी कागद, असं आत्या अजून चिडवतात.

एक मात्र होतं. दर दोन-तीन वर्षांनी बदली, आणि एमएचमधल्या डॉक्टरांचीही बदली. तीन गावांत मिळून मी तेरा-चौदा डॉक्टर पाहिले असतील. सगळे चांगले, पण दुसऱ्यांदा भेटलेला एकही नाही. प्रत्येकासमोर पहिल्यापासून सांगायचं. म्हणून मी एक फाईल केली. निळी, दोरीची. त्यात सगळ्यांचे कागद वर्षवार. ती फाईलच आमची फॅमिली डॉक्टर होती म्हणा ना.

मग २००१चा डिसेंबर आला. संसदेवर हल्ला झाला आणि फौज सीमेवर निघाली. ऑपरेशन पराक्रम. ह्यांची पलटण राजस्थानात गेली ती जवळजवळ दहा महिने तिथेच. क्वार्टरमध्ये एकटीने दोन पोरं घेऊन किती दिवस काढायचे? मी ठाण्याला आले. नणंद लोकमान्य नगरात राहायची. तिच्या ओळखीने सावरकर नगरात एक खोली घेतली. या भागात साताऱ्या-कोल्हापूरकडची इतकी माणसं आहेत की भाजीवालीशी बोलतानासुद्धा परकं वाटत नाही.

आणि इथे आल्यावर माझी एमआय रूम गेली.

हक्क होता, तो कुठे गेला नव्हता. डिपेंडंट कार्ड पर्समध्ये होतं. मुंबईत ‘अश्विनी’ आहे, कुलाब्याला, नौदलाचं मोठं रुग्णालय. तिन्ही दलांच्या माणसांना चालतं. मी दोनदा गेले तिथे, धाकट्याच्या कानासाठी. डॉक्टर उत्तम, सिस्टर प्रेमळ, स्वच्छता अशी की पोराने बिस्किट सांडलं तर मलाच लाज वाटली. पण सावरकर नगरातून ठाणे स्टेशन, तिथून व्हीटी. १८५३ साली देशातली पहिली आगगाडी ज्या ३४ किलोमीटरवरून धावली, तेच हे अंतर. पोराला कडेवर घेऊन सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात चढताना ते दुप्पट होतं. व्हीटीहून पुन्हा बस, आर. सी. चर्चला उतरायचं. सहाला निघाले ती संध्याकाळी पाचला घरी. कानात घालायचे थेंब घेऊन.

हक्क आणि दवाखाना यांच्यामध्ये रस्ता असतो. तो नकाशात दिसतो, नियमात दिसत नाही. पुरुष माणूस घरी असला तर तो एक दिवस मोडून जाऊन येतो. पुरुष माणूस नाही म्हणून तर हक्क आहे, आणि पुरुष माणूस नाही म्हणूनच तो वापरता येत नाही. असो.

जुलै २००२. रात्रीचे साडेअकरा-बारा. पाऊस कोसळत होता, लाईट गेलेली. लेकीला संध्याकाळपासून ताप. चार वर्षांची. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि एकदम तिचे डोळे वर गेले, हात-पाय ताठ, दातखीळ. मी ओरडले. चाळीतल्या बायका धावल्या. कुणी चप्पल आणली हुंगवायला, कुणी कांदा फोडला, मी दातांत घालायला चमचा शोधत होते. शेजारचा पोरगा मात्र कुणाला न विचारता खाली पळाला होता.

तो डॉक्टरांना घेऊन आला. कोपऱ्यावर गाळ्यात त्यांचा दवाखाना, वरच्या मजल्यावर घर. पायजमा, बनियन, वरून रेनकोट, हातात बॅटरी. मी त्यांना त्याआधी एकदाच भेटले होते, स्वतःच्या खोकल्यासाठी. त्यांनी आत येताच पहिलं काय केलं असेल तर माझ्या हातातला चमचा काढून घेतला. “दात मोडेल तिचा. तोंडात काही घालायचं नाही.” तिला कुशीवर वळवलं, फ्रॉकची बटणं सोडली आणि बॅटरी स्वतःच्या मनगटावर धरून घड्याळ बघत बसले. बस्स. मला इतका राग आला त्यांचा. पोर अशी पडलीय आणि हा माणूस घड्याळ बघतोय. दोन-अडीच मिनिटांत ती सैल पडली, रडली. तेव्हा ते म्हणाले, “ताई, वेळ मोजावी लागते. पाच मिनिटांच्या वर गेली असती तर लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्यायला लागलं असतं. हे तापाचं आहे. घाबरायचं नाही, पण सकाळी मुलांच्या डॉक्टरांना दाखवायचं.” आणखी तासभर बसले. निघताना विचारलं, “साहेब कुठे असतात?” मी म्हटलं, मिलिटरीत, बॉर्डरवर. त्यांनी मान हलवली, आणि पायऱ्या उतरले.

सकाळी पैसे द्यायला गेले तर तीस रुपये घेतले. मी ह्यांना सगळं पत्रात लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. काळजी, देवाची कृपा वगैरे झाल्यावर शेवटची ओळ: “बिल घेऊन ठेव, क्लेम टाकू.” फौजी माणूस! मी डॉक्टरांकडून तीस रुपयांचं बिल आणलं. लेटरहेडवर, शिक्क्यासकट. तो क्लेम कुणी कधी टाकला नाही. बिल अजून निळ्या फाईलमध्ये आहे.

आता थोडं कागदाचं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

पूर्वी जवान निवृत्त झाला की एमएचची दारं त्याला बंद व्हायची असं नाही, पण जागा असेल, औषध असेल तर, अशा अटीवर उघडायची. आणि एमएच असतं छावणीत. निवृत्त माणूस छावणीत थोडाच राहतो? तो जावळीत जातो, खटावला जातो, नाहीतर पोरांच्या मागे ठाण्याला येतो. यावर उपाय म्हणून १ एप्रिल २००३पासून ईसीएचएस सुरू झाली, माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. (तारखेवरून आमच्याकडे व्हायचे ते विनोद होऊन गेलेत.) केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेच्या धर्तीवर ती बेतलेली आहे. निवृत्तीच्या वेळी एकदाच पैसे भरायचे. हल्ली ते हुद्द्याप्रमाणे ३० हजार, ६७ हजार आणि १ लाख २० हजार. मग जन्मभर नवरा-बायको आणि अवलंबून असलेली मुलं, आई-वडील यांच्या उपचाराची जबाबदारी सरकारची, खर्चाला वरची मर्यादा नाही. देशभर ४००च्या वर पॉलीक्लिनिक आहेत. आधी तिथे दाखवायचं. तिथल्या डॉक्टरला वाटलं तर तो रेफरल, म्हणजे पुढे पाठवायची चिठ्ठी देतो, आणि ती घेऊन पॅनलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, खासगी रुग्णालयात जायचं. म्हणजे फौजेने स्वतःच आता आम्हाला सांगितलं, सिव्हिलमध्ये दाखवा.

योजना मोठी आहे, हे मी आधीच सांगते. आमच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांचा विम्याचा हप्ता ऐकला की माझी तक्रार घशातच राहते.

हे २०१४ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तोवर आम्ही घोडबंदर रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. सुभेदार म्हणजे सेमी-प्रायव्हेट वॉर्ड. हवालदारापर्यंत जनरल, अधिकारी असेल तर प्रायव्हेट. आजारपणातही फीत सुटत नाही.

पॉलीक्लिनिकची सकाळ बघण्यासारखी असते. आठच्या आत नंबर लावायचा. बाकावर सगळी निवृत्त मंडळी, पण बसतात अशी ताठ की रोलकॉल चाललाय. “कौनसी यूनिट?” हा पहिला प्रश्न, “काय होतंय?” हा दुसरा. गुडघ्याच्या रांगेत भेटलेले दोन म्हातारे आपण एकाच वर्षी एकाच टेकडीवर होतो हे कळल्यावर गुडघे विसरतात. बायका मात्र वेगळ्या बसतात. आमच्या मांडीवर फाईल. आम्हाला युनिटची नावं माहीत असतात, पण आम्ही एकमेकींना विचारतो ते हे: “आज औषध मिळालं का?”

कारण इथला खरा शब्द आहे ‘एनए’. नॉट अव्हेलेबल. चिठ्ठीवरच्या पाच औषधांपैकी तीन मिळतात, दोनापुढे एनए लिहितात. ते मग ठरवून दिलेल्या केमिस्टकडून मागवतात, त्यासाठी पुन्हा यायचं. आत्यांची बीपीची गोळी एनए निघाली की त्या म्हणायच्या, “येनं-बिनं काय न्हाय, मला ती गुलाबीच पायजे.”

माझ्याशेजारी बऱ्याचदा एक बाई बसायच्या, कळव्याहून यायच्या. त्यांचे मालक ड्युटीवर असतानाच वारले, १९९०च्या दशकात. खिडकीवरच्या नव्या पोराने एकदा त्यांना विचारलं, “मुख्य कार्डधारक आले नाहीत का?” त्या शांतपणे म्हणाल्या, “ते आले असते तर मी कशाला आले असते?” पोरगा उठून उभा राहिला. बिचाऱ्याची चूक नव्हती. तिथे तसं कुणाचंच चुकत नाही. फक्त दुपारचा एक वाजतो.

खरी अडचण पुढच्या दारात आहे. पॅनलवरच्या खासगी रुग्णालयात. आमच्या रस्त्यावर काय कमी हॉस्पिटलं आहेत? मेट्रोच्या खांबांएवढी असतील. काचेचे दरवाजे, कॉफीचं दुकान, रिसेप्शनच्या मुली गोड बोलणाऱ्या. “मॅडम, कॅश की इन्शुरन्स?” मी म्हणते, ईसीएचएस. आवाजातला गोडवा जात नाही हां, पण तो दुसरीकडे वळतो. “ते त्या बाजूला, पॅनलची खिडकी.” त्या खिडकीसमोर आम्ही, रेल्वेवाले, पोलीस, असे सगळे. एका ठिकाणी आत्यांच्या मोतिबिंदूसाठी तीन वेळा गेले. पहिल्यांदा पोर्टल बंद, दुसऱ्यांदा डॉक्टर पॅनलचे पेशंट मंगळवारीच बघतात, तिसऱ्यांदा “पॅनलचा बेड नाही”. बेड होता. मला दिसत होता. नुसता बेड होता, पॅनलचा नव्हता.

आधी मी भांडायचे. मग त्या खिडकीतल्या मुलाशीच ओळख झाली, मूळ वाईचा निघाला. त्याने एक दिवस चहाच्या टपरीवर गणित सांगितलं. ईसीएचएस सीजीएचएसच्या दराने पैसे देते. तज्ज्ञ डॉक्टरच्या एका तपासणीचा तो दर २०२३च्या एप्रिलपर्यंत १५० रुपये होता, मग ३५० झाला. घोडबंदरला त्याच डॉक्टरची फी हजाराच्या आत नाही. शस्त्रक्रियांचे बरेचसे दर २०१४पासून तसेच राहिलेले, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये सीजीएचएसने ते मुळापासून बदलले. “आणि काकी, हे पैसेपण लगेच नाही येत. बिलं अडकतात. आमचे मालक म्हणतात, जेवढे कमी घ्याल तेवढं बरं.” हे काही त्याचं एकट्याचं गाऱ्हाणं नव्हे. महालेखापरीक्षकांनी २०१५ साली या योजनेवर सबंध एक अहवाल काढला होता.

हे ऐकल्यावर माझा राग कमी झाला की वाढला, सांगता येत नाही. सरकार म्हणतं आम्ही दार उघडून दिलंय. रुग्णालय म्हणतं या भावात दार उघडं ठेवणं परवडत नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. आणि मधल्या पायरीवर आत्या, एका डोळ्याने बघत.

यात लेकीने एक भर घातली. तीच, जुलैतली. ती आता ऐरोलीला कामाला आहे, अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासायच्या कंपनीत. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र, सकाळी सहाला कॅब तिला सोडते. गंमत बघा, नोकरी लागली त्या महिन्यात तिचं ईसीएचएस कार्ड परत करावं लागलं. मुलगी कमावती झाली किंवा तिचं लग्न झालं की ती अवलंबित राहत नाही. स्वतःचं कार्ड देऊन ती दुसऱ्यांचे क्लेम बघायला गेली. तर एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, “आई, तिकडच्या मिलिटरीवाल्या बायकांचेपण क्लेम येतात माझ्याकडे. ट्रायकेअर म्हणतात. त्यांचंही तुझ्यासारखंच आहे.”

मला वाटलं थट्टा करतेय. अमेरिकेची फौज! पण तिने दाखवलं. ट्रायकेअरमध्ये फौजी, निवृत्त आणि त्यांची कुटुंबं मिळून ९० लाखांच्या वर माणसं. छावणीतलं रुग्णालय जवळ नसेल तर बाहेरचा डॉक्टर गाठायचा. त्या डॉक्टरला मिळणारे पैसे मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारच्या म्हाताऱ्यांसाठीच्या योजनेच्या दराला बांधलेले. मग बरेच डॉक्टर सांगतात, नवीन ट्रायकेअरचे पेशंट घेत नाही. हे इतकं झालं की २००८च्या संरक्षण कायद्यात तिथल्या संसदेने अटच घातली, की दरवर्षी कुटुंबांना विचारा डॉक्टर मिळतो का, आणि डॉक्टरांना विचारा पेशंट का घेत नाही. डॉक्टरांचं उत्तर आलं, पैसे कमी. काहींनी तर सांगितलं, ट्रायकेअर म्हणजे काय हेच माहीत नाही. मानसिक आजारांचे डॉक्टर मिळणं सगळ्यात अवघड. ज्यांचे नवरे युद्धावरून येतात, त्यांना!

मी तिला म्हटलं, मग तुझ्याकडे अशा बाईचा क्लेम आला तर जरा लवकर पुढे सरकव. ती हसली. “असं नसतं गं आई. मला नुसते नंबर दिसतात.”

पण एक गोष्ट मला त्यांची आवडली. विचारलं तरी. आपल्याकडे पॉलीक्लिनिकच्या बाकावरच्या बायकांना कुणी येऊन विचारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, की बाई, गेल्या वर्षी किती दारांवरून परत आलीस?

आत्यांच्या नावाचं एक प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगते. भरतीच्या वेळी ह्यांनी आईचं नाव सांगितलं ‘अनुसया’, गावाच्या उच्चारात. आधारवर ‘अनसूया’. या एका उकाराने त्यांचं कार्ड आठ महिने लांबलं. प्रतिज्ञापत्र, शिक्के, पुन्हा अर्ज. आत्या म्हणाल्या, “मी हाय की हितं बसलेली. कागदाला म्हणावं बघ माज्याकडं.” आई-वडिलांना अवलंबित धरायचं तर त्यांचं उत्पन्न महिना ९ हजार आणि वर महागाई भत्ता, याच्या आत असावं लागतं. तेही लिहून दिलं. आत्यांचं उत्पन्न म्हणजे दोन म्हशी, आणि त्यातली एक भाकड.

कोरोनात मात्र योजनेने जीव लावला असं म्हणेन. औषधं बाहेरून घ्या, पैसे नंतर देतो म्हणाले. ऑक्सिमीटरचेसुद्धा १२०० रुपयांपर्यंत दिले. २०२१च्या मे महिन्यात फोनवरून डॉक्टरशी बोलायची सोय निघाली, ‘सेहत’ नावाची. आत्यांना मोबाईलसमोर बसवलं. पडद्यावर एक तरुण लष्करी डॉक्टर, हिंदी बोलणारा. “माताजी, साँस फूलती है?” आत्या पदर सावरून म्हणाल्या, “न्हाय बाबा, तू जेवलास का?” पाच मिनिटं त्यांनी त्याची चौकशी केली. तपासणी राहूनच गेली, पण दोघंही खूष दिसले.

आणि त्याच्या दुसऱ्या वर्षीची ती रात्र. हे गावाला, शेताच्या मोजणीला गेलेले. आत्यांना अडीच वाजता दम लागला. बसताही येईना, निजताही येईना, ओठ निळसर. लेक कामावर, मुलगा पुण्याला. वॉचमनने रिक्षा आणली. रिक्षात बसले आणि डोक्यात हिशेब सुरू. पॅनलवरचं हॉस्पिटल सहा किलोमीटरवर, माजिवड्याच्या पलीकडे. पॅनलवर नसलेलं, समोर, दिवे दिसतायत. रिक्षावाला मागे वळून बघतोय, “कुठे घेऊ?” ईसीएचएसचा नियम मला पाठ होता. जीवाचा धोका असेल तर कुठेही नेता येतं. पॅनलवर असेल तर पैसे नाहीत. पॅनलवर नसेल तर आपण भरायचे आणि ४८ तासांच्या आत पॉलीक्लिनिकला कळवायचं. पण जीवाचा धोका होता हे नंतर पटवावं लागतं. आणि अडीच वाजता, सासूचा हात हातात धरून, मी ठरवत होते की हा धोका कागदावर धोका ठरेल का.

मी डॉक्टरांना फोन लावला. सावरकर नगरच्या. आम्ही तिथून जाऊन किती वर्षं झाली होती, तरी नंबर पाठ. त्यांनी दुसऱ्याच रिंगला उचलला. मी घडाघडा सांगितलं. ते म्हणाले, “समोर जा. आत्ता. कागद नंतर.” फोन ठेवला नाही त्यांनी, मी कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत चालू होता.

हृदयात पाणी झालं होतं. सहा दिवस लागले. १ लाख ८४ हजार बिल. ह्यांच्या भावाने अर्धे पाठवले, माझ्या पाटल्या गेल्या. ४८ तासांच्या आत मी पॉलीक्लिनिकला जाऊन नोंद करून आले. मग अर्ज, मूळ बिलं, डिस्चार्जचा कागद, इमर्जन्सीचं सर्टिफिकेट. सात महिन्यांनी १ लाख १२ हजार जमा झाले, सरकारी दराने. बाकीचे गेले. मी काही रडत नाही त्या पैशांना. आत्या आज ८१च्या आहेत आणि आत्ता बाहेर टीव्ही मोठ्याने लावून बसल्यात. त्यांच्या वयाच्यांना आता तज्ज्ञाला दाखवायला रेफरल लागत नाही, याचा त्यांना भारी अभिमान. “मला चिठ्ठी लागत न्हाय,” असं त्या बाकावरच्या सत्तरीतल्या पोरांना सांगतात.

गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. मुलगा बाहेर, गुडघे गेलेले, चाळ रिडेव्हलपमेंटला. मी भेटायला गेले तर गाळ्यात आवराआवर. लोखंडी ड्रॉवरमध्ये पेशंटांची जाड पुठ्ठ्याची कार्डं, हजारो. त्यांनी आमचं शोधून काढलं. २००२ ते २०११. लेकीचा ताप, धाकट्याचा कान, माझा हिमोग्लोबिन. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘मि.’ असं लिहून गोल केलेला.

मी हसत म्हटलं, “म्हणजे मिलिटरी, पैसे कमी घ्या, असंच ना?”

“छे हो. पैसे सगळ्यांना तेवढेच,” ते म्हणाले. “अशी दहा-बारा घरं होती या भागात. कंपाउंडरला सांगून ठेवलं होतं, या कार्डवाले रात्री आले तर मला उठवायचं. विचारत बसायचं नाही.”

मी कार्ड मागून घेतलं. निळ्या फाईलमध्ये तीस रुपयांच्या बिलामागे लावलं.

मागच्या मंगळवारी आत्यांच्या गोळ्यांसाठी पॉलीक्लिनिकला गेले होते. खिडकीतल्या मुलाला मागचं प्रिस्क्रिप्शन हवं होतं. मी शोधायला लागले तसा तो म्हणाला, “द्या काकी, मी काढतो.” त्याने फाईल भराभर चाळली. पिवळा पुठ्ठा हाताला लागला तसा थांबला, उलटसुलट करून पाहिला.

“हे कुठल्या हॉस्पिटलचं? पॅनलवर आहे?”

“नाही.”

“मग हे नाही लागत काकी. काढून टाका, फाईल उगाच जाड होते.”

“राहू दे,” म्हटलं. त्याने ते परत आत सरकवलं, प्रिस्क्रिप्शन घेतलं, आणि गुलाबी गोळीसमोर एनए लिहिलं.